भाकड पाणी

“मावशी, सकाळी सकाळी ताक करायला बसलाव की काय?”

शिवकुमार सर प्रयोगशाळेच्या दारातून आत येता येता बोलले आणि पंखा लावून आपल्या टेबलाशी गेले.

चांगुणाच्या हातात परीक्षानळी होती, खिडकीला चिकटवलेल्या काळ्या कागदापुढे धरलेली. नळीत बोटभर पाणी होतं आणि ते तिला स्वच्छ दिसत होतं.

“व्हय सर,” ती म्हणाली. “घेताव का वाटीभर?”

सर हसले, तीही हसली. कुणी चेष्टा केली की तिथल्या तिथं परत करायची, ही तिची सवय. उत्तर तोंडातून आपसूक गेलं. मग मात्र ती नळी तशीच धरून उभी राहिली. सर चेष्टेखोर होते, पण नसलेलं बघून चेष्टा करणाऱ्यांतले नव्हते.

नळदुर्गच्या त्या कॉलेजात रसायनशास्त्र विभागात ती एकतीस वर्षं प्रयोगशाळा परिचर होती. तिच्या आधी या जागेवर तिचा नवरा राजपाल होता. तो गेला तेव्हा मुलगी वृषाली दोन वर्षांची होती, आणि अनुकंपेवर चांगुणाला घेतलं. पहिल्या वर्षी तिनं फक्त फरशी पुसली आणि बाटल्या धुतल्या. पुढं हळूहळू बाटल्यांवरची नावं, मग बाटल्यांतले स्वभाव, आणि शेवटी पाणी तिच्या हाती आलं.

नळदुर्गच्या बोअरचं पाणी जड आणि खारट. त्यानं धुतलेली काच वाळली की तिच्यावर पांढरी नक्षी उमटते. प्रयोगाला ते चालत नाही, डिस्टिल पाणी लागतं. भिंतीवरच्या काचेच्या भांड्यात बोअरचं पाणी उकळायचं, वाफ थंड करून थेंब थेंब खाली धरायची. मीठ वरच राहतं. राहिलं की नाही हे बघायला खालच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा, म्हणजे चांदीच्या क्षाराचा, एक थेंब टाकायचा. मिठाचा अंश आला असेल तर पाणी दुधाळ होतं.

पाणी हाती आलं त्याच वर्षी चांगुणानं या दोन पाण्यांना नावं देऊन टाकली होती. दूध देतं ते दुभतं, देत नाही ते भाकड. ज्या शब्दानं गोठ्यातली म्हैस बाजाराला निघते, तोच शब्द या विभागात शाबासकीचा झाला. नवी पोरं आधी खिदळायची. परीक्षेच्या दिवशी तीच येऊन हळूच विचारायची, “मावशी, आजचं पाणी भाकड हाय ना?” ती ‘हाय’ म्हणाली की विषय संपला. प्राचार्य बदलले, अभ्यासक्रम बदलला, तिच्या त्या ‘हाय’वर कुणी दुसरा थेंब टाकून पाहिला नाही. चांदीच्या क्षारानं तिच्या उजव्या हाताची तीन बोटं काळपट राहत. लग्नाकार्यात कुणी टक लावून पाहिलं की ती म्हणायची, “आमच्या कॉलेजाची मेंदी हाय.”

आता तिच्या निवृत्तीला नऊ दिवस उरले होते.

तिनं हातातली नळी स्टँडमध्ये ठेवली. कपाटातून कंपनीच्या शुद्ध पाण्याची सीलबंद बाटली काढली, ती फोडली आणि पाच कोऱ्या नळ्यांत सारखं पाणी घातलं. मग त्यात बोअरचं पाणी टाकलं. पहिल्या नळीत एक थेंब, दुसरीत दोन, तिसरीत चार, चौथीत आठ, पाचवीत सोळा. सगळ्यांत चांदीचा एकेक थेंब. नळ्या काळ्या कागदापुढे ओळीनं लावल्या आणि ती दोन पावलं मागं सरली. मग पुढं आली. मग डोळे पदरानं पुसून पुन्हा बघितलं.

पाचवी दुधाळ होती. चौथीबद्दल तिला खात्री देता येईना.

“सर, जरा इकडं येताव?”

शिवकुमार सर पेपरांचा गठ्ठा सोडून आले.

“ह्यातलं दुभतं कुठनं सुरू होतंय?”

“परीक्षा घेताव काय माझी?” सर वाकून म्हणाले. “पहिलीपासूनच की.”

“पहिली? एका थेंबाची?”

“पहिलीत धुकं आल्यासारखं हाय. दुसरीत चांगलंच. का वो, काय झालं?”

“काय न्हाय. जाताना पोरीला शिकवून जावं म्हणलं.”

सर गेले. कुठली पोरगी, हे त्यांनी विचारलं नाही आणि ते बरं झालं, कारण ती अशी पटकन खोटं बोलणारी बाई नव्हती. तिचं तिलाच नवल वाटलं. स्टँडमधली सकाळची नळी तिनं उचलून सरांना दिसलेल्या ताकाकडे पुन्हा एकदा पाहिलं. तिच्या डोळ्यांना तिथं नुसतं पाणी होतं.

मग तिला फेब्रुवारी आठवला.

वृषाली याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायची आणि सोलापूरच्या एका सरांच्या हाताखाली पीएचडी करायची. कॉलेजात चांगुणा तिला ‘मॅडम’ म्हणे आणि तिनं आपल्याला इतरांसारखं ‘मावशी’च म्हणावं असा तिचा हट्ट होता. वृषालीला ते जमत नसे. तिचं काम डीएनएवर होतं. डीएनएचे दोन धागे एकमेकांना जोडीजोडीनं धरून असतात. त्यात एक जोडी अशी आहे की ती जमत नाही, दोघींमध्ये फट राहते. नेमकं तिथं चांदीचा एक अणू जाऊन बसतो आणि दोन्ही बाजूंना हात देतो. धाग्यात अशी चांदीची रांग बसवली तर तिच्यातून वीज जाईल का, आणि मुळात तिथं बसलेल्या चांदीच्या इलेक्ट्रॉनांची मांडणी कशी बदलते, हे वृषालीला शोधायचं होतं. त्यासाठी इंदूरला जावं लागे. तिथं एका मोठ्या गोल यंत्रातून हवे तसे क्ष-किरण काढता येतात.

“दवाखान्यातल्यासारखाच फोटू का?” चांगुणानं अंगणात शेंगा फोडता फोडता विचारलं होतं.

“फोटो नाही गं. किरणांचा जोर थोडा थोडा वाढवत जायचा आणि चांदी किती गिळते ते मोजायचं. एका ठिकाणी ती एकदम गिळायला लागते, तिथं कागदावर चढ येतो. तो चढ कसा चढतोय, पुढं कुठं गचका खातोय, यावरून कळतं की चांदीच्या शेजारी कोण बसलंय.”

चांगुणानं थोडा विचार केला. त्यांचं घर हैदराबाद रस्त्याला लागून होतं.

“म्हंजे ट्रक चढाला कसा वरडतोय त्याच्यावरनं आत ऊस हाय का सिमेंट हाय ते वळखायचं.”

वृषालीनं हातातली शेंग खाली ठेवली होती. “आई, हे मी माझ्या सरांना सांगणार आहे.”

“सांग की. नाव माझं सांग.”

फेब्रुवारीत वृषाली इंदूरला गेली आणि चौथ्या दिवशी चेहरा उतरवून परत आली. चांदीच्या शेजारी डीएनए नव्हताच. कागदावरचा चढ सिल्व्हर क्लोराइडच्या चढावर तंतोतंत बसत होता. मीठ कुठून तरी आलं होतं, आणि चांदी समोर मीठ दिसलं की दुसऱ्या कुणाकडे बघत नाही. आठ महिन्यांचं काम गेलं. ते कुठून आलं, हे कुणालाच सापडलं नाही. त्या संध्याकाळी वृषालीनं फक्त एवढंच विचारलं होतं, “आई, पाणी बघितलं होतंस ना नीट?”

चांगुणा दोन दिवस तिच्याशी बोलली नव्हती. त्याआधी मात्र बरंच बोलली होती. तुझ्या बापाच्या जागेवर आले तेव्हा तू रांगत होतीस की चालत होतीस, पाणी हाती आल्यापासनं एका सरानं बोट दाखवलं नाही, आता घरची पोरगी मॅडम होऊन पाणी विचारतीय, असं सगळं. वृषालीनं तो विषय पुन्हा कधी काढला नाही.

उद्या ती पुन्हा इंदूरला निघणार होती. दुसऱ्या कुणीतरी आपली पाळी सोडली म्हणून ऐन वेळी मिळालेले दोन दिवस होते. परदेशातून चार महिन्यांनी आलेल्या डीएनएपैकी उरलेलं सगळं यात घातलं होतं. सोलापूरच्या सरांनी स्पष्ट सांगितलं होतं, मागच्या वेळी काय चुकलं ते आधी लिहून पाठवा, आणि या वेळीही हेच झालं तर विषय बदला. वीस नमुने परवाच भरून, चंदेरी कागदात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवलेले होते. त्यांच्या कुप्या चांगुणानं सोमवारी धुतल्या होत्या. पाणी तिनंच काढलं होतं, तिनंच बघितलं होतं आणि भाकड म्हणून सांगितलं होतं.

आतल्या खोलीत फ्रिज होता. ती तिकडे गेली तेव्हा तिच्या पायांना घाई होती, हाताला मात्र दार उघडवेना. सांगायचं, हे तिच्या मनात ठरलेलंच होतं. कसं, ते ठरत नव्हतं. ‘वृषे, फेक ते सगळं’ म्हणायचं, आणि उद्याची गाडी? पोरगी किती वर्षं यात घालतीय? बापाविना वाढली, पोरांच्या शिकवण्या घेत एमएस्सी केली. तिच्या वाटेत दगड आला तो आपल्याच हातचा.

फ्रिजला पाठ टेकून खाली बसावं म्हणून ती वळली, तेव्हा फ्रिज आणि भिंत यांच्यामध्ये, जुन्या मूलद्रव्यांच्या तक्त्याच्या गुंडाळीआड, तिला निळं झाकण दिसलं.

पाच लिटरचा कॅन होता. निम्मा रिकामा. त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर जाड पेनानं वृषालीचं अक्षर. चांगुणानं कॅन खिडकीशी नेऊन नाकाजवळ धरला. ‘सोलापूर, डिस्टिल’. खाली एकाखाली एक तारखा होत्या. सगळ्यात वरची मार्चच्या पहिल्या आठवड्यातली.

ती स्टुलावर बसली.

पोरीला माहीत होतं. मार्चपासून माहीत होतं. दर आठवड्याला सोलापूरहून येताना बसमधून पाण्याचा कॅन आणायचा, तक्त्याआड लपवायचा, आईनं धुतलेल्या कुप्या आई घरी गेल्यावर पुन्हा धुवायच्या, आणि सकाळी आईनं ‘भाकड हाय’ म्हटलं की मान हलवायची. सोमवारी कुप्या पालथ्या घातल्या होत्या त्या मंगळवारी उताण्या होत्या, हे चांगुणानं पाहिलं होतं. वाऱ्यानं सुकाव्यात म्हणून ठेवल्या असतील, असं तेव्हा वाटलं होतं.

म्हणजे नमुने चांगले होते. छातीवरचा एक दगड उतरला. त्याच जागी दुसरा बसला, तो कसला हे तिला लगेच सांगता आलं नसतं.

“आई, जेवलीस का? डबा तसाच दिसतोय तुझा.” वृषाली आत आली ती बोलतच. तिच्या हातात थर्मोकोलचा डबा होता. आईच्या मांडीवरचा कॅन तिला दिसला आणि ती थांबली.

“हितं मावशी म्हणायचं,” चांगुणा म्हणाली.

“आई...”

“कवापासनं कळलं?”

वृषालीनं डबा टेबलावर ठेवला. “इंदूरहून आल्यावर. रविवारी इथं कुणी नव्हतं, तेव्हा एकेक गोष्ट तपासली. क्षार तपासले, कुप्या तपासल्या. पाणी शेवटी तपासलं.”

“शेवटी का?”

“शेवटी का म्हणजे?”

“आदी पाणी बघायचं. म्याच शिकवलंय तुला. शाळेतनं यायचीस तवा ह्याच स्टुलावर बसवून.”

वृषाली थर्मोकोलच्या डब्याचं झाकण उगाच दाबत राहिली.

“मग मला का न्हाय सांगितलं?”

“उकळताना पाणी वर चढून नळीत जातंय. आत खूप चुना साठलाय, बाकी काही नाही. कुणाच्याही हातून झालं असतं.”

“ते भांड्याचं झालं. डोळ्याचं काय? थेंब टाकून म्याच बघते नव्हं? पाणी दूध द्यायलंय आन् म्या भाकड म्हणायले. सरांनी चेष्टा केली म्हणून कळलं. न्हायतर नऊ दिवसांनी शाल पांघरून घरला गेले असते तशीच.”

“आई, मोतीबिंदू आहे तो. साधं ऑपरेशन आहे. मे महिन्यात करू म्हणून मी—”

“मॅडम,” चांगुणा म्हणाली. खोलीत दोघींशिवाय कुणी नव्हतं. “मॅडम, तुमी दीड महिना माज्या हाताखालनं कुप्या काढून पुन्ना धुवायलाव. म्या हितं मान वर करून फिरायले. कुणाकुणाला ठाव हाय?”

“कुणालाच नाही. शपथ.”

“सोलापूरच्या सरास्नी काय लिवलंस? काय चुकलं म्हणून?”

वृषाली खिडकीकडे बघत राहिली. बाहेर रस्त्यानं एक लांबच लांब कंटेनर हैदराबादकडे गेला.

“वृषे, काय लिवलंस?”

“लिहिलं, की नमुने करताना माझ्याकडून हलगर्जीपणा झाला. अजून पाठवलं नाही. संध्याकाळी पाठवणार आहे.”

“तुज्याकडनं.”

“त्यानं काय होतंय? एकदा बोलतील. तुझा निरोप समारंभ आहे नऊ दिवसांवर. सगळे तुझ्या कामाचं बोलणार, जुनी मुलं येणार आहेत लातूर-सोलापूरहून. त्याच्या तोंडावर मी कुठं असं...”

“आन् शास्त्रात खोटं लिवणार?”

“खोटं म्हणजे, आई, मीठ आलं हे खरंच आहे की. कुणामुळं आलं, याच्याशी कुणाला काय करायचंय?”

“म्हंजे उद्या दुसऱ्या कुठल्या पोरीचं असंच झालं, तर तिनं तुझं वाचून सोताचे हात बघत बसायचं. पाणी बघायचं न्हाय.” चांगुणाचा आवाज चढला नव्हता. “दर पुनवेला विहारात जाऊन बसतो आपुन. चवथं शील नुसतं म्हणायला हाय का? खोटं बोलणार न्हाय म्हणून हात जोडायचे आन् घरी येऊन आईसाठी तेवढं सोडायचं?”

वृषालीचे डोळे भरले. पण ती लहानपणापासून रडण्याआधी भांडणारी होती. “विचारलं होतं मी. फेब्रुवारीत. एकच वाक्य विचारलं होतं. दोन दिवस तू माझ्या ताटात भाकरी टाकलीस ती न बोलता. माझी पुन्हा हिंमत झाली नाही, आई. मला इंदूरच्या यंत्राची भीती वाटली नाही कधी, तुझी वाटली.”

चांगुणानं मांडीवरचा कॅन खाली ठेवला.

तिला पहिलं वर्ष आठवलं. राजपालच्या जागेवर बाई आली म्हणून कुणी कुणी नाक मुरडलं होतं. तिनं धुतलेला चंचुपात्रांचा ट्रे एका सरांनी तिच्यादेखत पुन्हा धुवायला लावला होता, एकदा नाही, महिनाभर. तेव्हा तिनं ठरवलं होतं की असं धुवायचं, असं बघायचं, की कुणाची हिंमतच होऊ नये. ती हिंमत तिनं एकेकाच्या आतून काढून टाकली होती. शेवटी स्वतःच्या लेकीच्याही. चूक डोळ्यांनी नंतर केली, ही आधीची तिची होती.

“तुजं बराबर हाय,” ती म्हणाली. “म्याच दार लावून घेतलं.”

“तसं नाही गं.”

“तसंच हाय. आता रडू नगंस, इथं फरशी म्या पुसलीय.” वृषाली रडत रडत हसली. चांगुणा उठली. “नोंदवही आण. पाण्याची न्हाय, तुझी. इंदूरची.”

“कशाला?”

“आण म्हणते नव्हं.”

वृषालीनं पिशवीतून जाड हिरवी वही काढली. फेब्रुवारीचं पान उघडलं. सगळं इंग्रजीत, तारखा, आकडे, चढाच्या आकृत्या. पानाच्या खाली तीन बोटं जागा कोरी होती. चांगुणानं पेन घेतलं आणि डोकं पानाला टेकेल इतकं वाकून, एकेक अक्षर चाचपत लिहिलं: ‘या नमुन्यांचे पाणी मी तपासले होते. पाण्यात मीठ होते, ते मला दिसले नाही. पाणी शुद्ध आहे असे मी सांगितले.’ खाली तारीख, सही, आणि हुद्दा. प्रयोगशाळा परिचर.

ओळ वर चढत गेली होती आणि शेवटचा शब्द एका आकृतीत घुसला होता. ती वही अजून आहे. त्या पानाची प्रत पुढं प्रबंधाच्या परिशिष्टात गेली. परीक्षकांनी या पानाचा अर्थ विचारला, तेव्हा वृषालीनं ते उभी राहून वाचून दाखवलं.

“आता सरास्नी हे लिव,” चांगुणा म्हणाली. “जसंच्या तसं. आन् मी इकडचं बघते.”

ती बाहेरच्या हॉलमध्ये आली. शिवकुमार सर प्रात्यक्षिकांचे मार्क यादीत भरत होते.

“सर, हे लिवणं थांबवा.”

“का वो?”

“डिस्टिल पाणी दुभतंय. जानेवारीपासनं असंल. मला दिसना झालंय, डोळ्यातच ताक झालंय माझ्या. सकाळी पोरीला शिकवायचं म्हणलं ते बी खोटं.”

सर तिच्याकडे बघत राहिले. मग मार्कांच्या यादीकडे. “मावशी, म्हणजे क्लोराइडच्या प्रयोगात सगळ्या पोरांची रीडिंगं जास्त आली, ती...”

“पाण्यामुळं.”

“आणि मी सत्तर पोरांचे मार्क कापले. एकाला तर म्हणलं, तू काय घाम गाळलास काय रे त्यात?”

“द्या परत.”

“मार्क देतो, पण ती शिवी कशी परत घेऊ?” सर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की समोरची बाई हसत नाहीये. ते खुर्चीतून उठले. “मावशी, बसा. हे तुम्ही सांगितलं नसतं तर कुणाला कळलं असतं का?”

“आज तुमाला कळलंच होतं की. तुमी हसून सोडलं. आमच्या मॅडमनी न बोलता सोडलं. ह्याच्यापुढं सोडू नका, एवढंच म्हणते. माझ्या जागी जे कुणी येईल त्याचं बी पाणी रोज एकानं दुसऱ्यांदा बघायचं.”

सरांनी मान हलवली. तिनं एक कागद घेऊन त्यावर मोठ्या अक्षरात ‘हे पाणी वापरू नये’ असं लिहिलं आणि भिंतीवरच्या भांड्याला दोऱ्यानं बांधलं. मग सुट्टीचा अर्ज लिहिला. एक दिवसाचा. कारणाच्या जागी ‘डोळे’.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दोघी हायवेवर थांब्याशी उभ्या होत्या. ऊन आतापासूनच तापायला लागलं होतं. थर्मोकोलच्या डब्यात बर्फ आणि बर्फात वीस कुप्या, डबा चांगुणाच्या हातात. रात्री सोलापूरच्या सरांचा फोन आला होता. ते एवढंच म्हणाले होते, तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा. वृषालीनं तो सांगितला. चांगुणानं विचारलं, “विषय राहिला का पण?” राहिला होता.

सोलापूरची गाडी आली. वृषाली चढली, दाराजवळच्या खिडकीशी बसली आणि चांगुणानं डबा दारातून वर दिला. दारातल्या कंडक्टरनं तो वाटेत हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं.

“काय हाय वो मावशी ह्यात? मासोळी न्हाय ना? वास मारंल.”

“चांदी हाय.”

“मग लगेज लागंल.”

“लाव की. इंदूरात काय निघतंय ते आल्यावर तुला बी देऊ वाटा.”

गाडीतले दोघं-तिघं हसले. वृषालीनं खिडकीतून हात बाहेर काढला. “आई, ऑपरेशनची तारीख देत असतील तर मी आल्यावरची घे. एकटी जाऊ नको.”

“बघते.”

“बघते नाही. घे.”

“बरं मॅडम.”

गाडी हलली. चांगुणानं हात वर केला आणि बस दिसेनाशी होईपर्यंत वर ठेवला. ती फार लवकर दिसेनाशी झाली. वळण अजून पुढं होतं.

मग रस्ता ओलांडून ती पलीकडच्या थांब्यावर गेली. धाराशिवच्या सरकारी दवाखान्यात डोळ्यांची तपासणी दहाला सुरू होते, उशीर करून चालणार नव्हतं. तिथं झाडाखाली एक कॉलेजची मुलगी आणि दोन बायका उभ्या होत्या. एक बस आली आणि गेली. बायका त्यात चढल्या. तुळजापूरहून पुढं जाणारी होती की तिथंच थांबणारी, हे चांगुणाला कळेपर्यंत दार लागलं. इतके महिने ती थांब्यावरच्या माणसांच्या हालचालींवरून आपली गाडी ओळखत आली होती, हे तिच्या आत्ता लक्षात आलं.

दुसरी बस येऊन उभी राहिली. काचेमागे पाटी होती. पांढऱ्यावर लाल काहीतरी.

“बाळा,” ती शेजारच्या मुलीला म्हणाली, “पाटी वाच की जरा. धाराशिवला जातीय का ही?”

मुलीनं वाचलं. “जाते. धाराशिवच आहे. तुम्हाला वाचता येत नाही का आजी?”

तिनं ते खोडसाळपणे विचारलं नव्हतं. चांगुणानं तिच्याकडे, म्हणजे तिच्या चेहऱ्याच्या जागेकडे, पाहिलं.

“वाचता येतंय,” ती म्हणाली. “दिसत न्हाय.”

मुलीनं पुढं होऊन हात दिला. चांगुणा क्षणभर थांबली. मग तिनं तो धरला, आणि पहिली पायरी पायानं चाचपून बसमध्ये चढली.